दोन धातू, एकच थर? एका ऑक्झलेट सॅम्पलची पूर्ण केस

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एक सॅम्पल असं आलं की त्याचं आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) बरोबर, सीएचएन (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचे टक्के) बरोबर, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन) बघायला छान, खोलीच्या तापमानाचं चुंबकीय मोजमापही हिशोबाला जुळणारं, आणि तरी ते जे म्हणून बनवलं होतं ते निघालं नाही. हे नक्की कसं कळलं आणि मग काय केलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण मिक्स्ड-मेटल कंपाउंड बनवणारे गोव्यातले आणि बाहेरचेही बरेच विद्यार्थी नेमके ह्याच जागी अडकतात आणि कित्येकांना आपण अडकलोय हेही कळत नाही.

आधी कंपाउंड कुठलं ते. क्रोमियमचा ट्रिस-ऑक्झलेट आयन घ्यायचा, म्हणजे एका क्रोमियमभोवती तीन ऑक्झलेट (ऑक्झलिक ॲसिडचे आयन). प्रत्येक ऑक्झलेटची बाहेरची बाजू मोकळी असते, तिथे मॅंगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल असा दोन प्लसचा धातू येऊन बसतो, आणि त्यालाही तीन बाजूंनी ऑक्झलेट मिळाले की मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी पसरत जाते, एक सोडून एक क्रोमियम आणि दुसरा धातू. जाळीवर निगेटिव्ह चार्ज असतो, तो भागवायला दोन थरांच्या मधे टेट्राब्युटिलअमोनियम हा मोठा पॉझिटिव्ह आयन बसतो (पुढे त्याला नुसतं अमोनियम म्हणतो). ह्यालाच थरांचं कोऑर्डिनेशन कंपाउंड म्हणायचं. 1992 साली जपानमध्ये ओकावा यांच्या ग्रुपने ही मालिका छापली आणि त्यात क्रोमियमबरोबर मॅंगनीज असेल तर 6 केल्विन, कॉपर 7, कोबाल्ट 10, लोखंड 12 आणि निकेल असेल तर 14 केल्विनच्या खाली पदार्थ फेरोमॅग्नेट होतो, म्हणजे त्यातले स्पिन (इलेक्ट्रॉनचे बारीक चुंबक) आपोआप एका दिशेला लागतात, असं दाखवलं. पाण्यात, साध्या बीकरमध्ये, विद्यार्थ्याच्या हाताने बनणारं मॅग्नेट! ह्या मालिकेचं मला आजही अप्रूप वाटतं, म्हणूनच मी ती विद्यार्थ्यांना देतो.

पुढे 2000 साली स्पेनच्या कोरोनादो यांच्या ग्रुपने ह्याच मॅंगनीज-क्रोमियम जाळीच्या मधे साध्या अमोनियमऐवजी वीज वाहून नेणारे सेंद्रिय रेणू बसवले आणि एकाच क्रिस्टलमध्ये फेरोमॅग्नेट आणि धातूसारखी वहनक्षमता दोन्ही आणली. म्हणजे विषय म्युझियममधला नाहीये, जाळी तीच ठेवून माणसं त्यात काय काय घालून बघतायत.

आमची विद्यार्थिनी डिचोलीची. तिला करायचं होतं ते असं की क्रोमियमच्या शेजारची जागा अर्धी मॅंगनीजला आणि अर्धी निकेलला द्यायची, एकाच जाळीत, विखुरलेली. एक टोक 6 केल्विन, दुसरं टोक 14, मग अर्धं-अर्धं केलं तर फेरोमॅग्नेट कुठल्या तापमानाला होईल? प्रश्न साधा पण चांगला आहे, कारण उत्तर आधी कागदावर काढता येतं आणि मग मोजता येतं.

कागदावरचं आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. अशा धातूच्या डी ऑर्बिटलचे दोन गट पडतात, टी-टू-जी आणि ई-जी. क्रोमियम तीन प्लस म्हणजे तीन डी इलेक्ट्रॉन, तिन्ही टी-टू-जी ऑर्बिटलमध्ये. निकेल दोन प्लसचे जोडी नसलेले दोन इलेक्ट्रॉन ई-जी मध्ये. ऑक्झलेटच्या पुलावरून ही दोन प्रकारची ऑर्बिटल एकमेकांना काटकोनात पडतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि असं असलं की स्पिन एकाच दिशेला राहणं पसंत करतात. मॅंगनीजकडे मात्र पाच इलेक्ट्रॉन, ई-जी मध्ये दोन आणि टी-टू-जी मध्ये तीन, त्यामुळे ई-जी वाले स्पिन सरळ करायला ओढतात आणि टी-टू-जी वाले क्रोमियमच्या टी-टू-जी बरोबर उलटं करायला, आणि शेवटी जे उरतं ते फेरो पण कमजोर. किती कमजोर? मीन-फील्डच्या हिशोबात (प्रत्येक स्पिनला शेजाऱ्यांचा सरासरी परिणाम जाणवतो असं धरून) अशा दोन उपजाळ्यांच्या, म्हणजे एक क्रोमियमची आणि एक दुसऱ्या धातूची, मॅग्नेटचं क्युरी तापमान (ज्याच्या खाली फेरोमॅग्नेट होतो ते) जोडणीची ताकद गुणिले एस × (एस + 1) ह्याचं वर्गमूळ, ह्या प्रमाणात जातं, एस म्हणजे त्या दुसऱ्या धातूचा स्पिन. मॅंगनीजचा स्पिन 5/2 असल्यामुळे वर्गमूळ येतं 2.96, निकेलचा 1 म्हणून 1.41. म्हणजे 6 ला 2.96 ने भागा आणि 14 ला 1.41 ने, निकेलची जोडणी मॅंगनीजच्या जवळजवळ पाचपट निघते. मॅंगनीज स्पिन मोठा घेऊन आलाय पण पकड ढिली, निकेल छोटा पण पकड घट्ट. हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात, आणि चमकायलाच पाहिजेत.

त्याच हिशोबातून अर्ध्या-अर्ध्याचं उत्तरही येतं. सरासरी क्युरी तापमानाची नाही, त्याच्या वर्गाची घ्यायची. 6 चा वर्ग 36, 14 चा 196, सरासरी 116, वर्गमूळ 10.8 च्या आसपास. खरे थर मीन-फील्डचं तंतोतंत ऐकत नाहीत हे मान्य, पूर्ण सपाट आणि सगळ्या दिशांना सारख्या स्पिनच्या थरात तर शून्याच्या वर ऑर्डर (सगळ्या स्पिनची एकत्र रांग) येऊच शकत नाही हे मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 सालीच सिद्ध केलंय, इथे ऑर्डर येते ती स्पिनची थोडी दिशेची आवड आणि थरा-थरातलं बारीक आकर्षण ह्यांच्यामुळे. पण 10 ते 11 च्या मधे कुठेतरी एकच ट्रान्झिशन (ऑर्डर येण्याचा टप्पा), एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नव्हती.

आता बनवणं. पहिलं पोटॅशियम ट्रिस-ऑक्झलेटोक्रोमेट, ते डायक्रोमेट आणि ऑक्झलिक ॲसिडपासून होतं, ऑक्झलिक ॲसिड स्वतःच क्रोमियमला सहावरून तीनवर आणतं आणि कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर येतो, म्हणून डायक्रोमेट चिमूट-चिमूट घालायचं, हूडमध्ये, हातमोजे घालून. सहावाला क्रोमियम विषारी, त्यात तडजोड नको. क्रिस्टल येतात ते काळेच वाटतात, पातळ चीर उजेडाला धरली की निळसर-हिरवा रंग दिसतो. क्रोमियम तीन प्लस हा आपले लिगँड (भोवती बांधलेले आयन किंवा रेणू) सहजासहजी सोडत नाही, म्हणूनच ही तीन ऑक्झलेटची गाठोडी पाण्यात अखंड राहते आणि जाळी विणता येते.

गोव्यातली अडचण पावसाची. जूनपासून चवथीपर्यंत पठारावरच्या लॅबमध्ये हवा इतकी ओली की टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड बाटलीतून बटर पेपरवर काढलं की वजनकाट्याचा शेवटचा आकडा थांबतच नाही, वरवर चढत जातो, दरवाजे लावले तरी. मॅंगनीज क्लोराइडचंही तसंच, क्रिस्टल ओलसर होऊन चमच्याला चिकटतात. ब्रोमाइड आपण जास्तच घेतो त्यामुळे त्याचं फारसं बिघडत नाही, पण दोन धातूंचं प्रमाण नेमकं अर्धं-अर्धं हवं असेल तर वजनावर विसंबून चालत नाही. म्हणून दोन्ही धातूंची स्टॉक सोल्युशन केली आणि ईडीटीएने (धातूला पकडणाऱ्या रसायनाने) टायट्रेट केली, रंग बदलून शेवट दाखवायला निकेलला म्युरेक्साइड, मॅंगनीजला एरिओक्रोम ब्लॅक टी आणि हवेने मॅंगनीज ऑक्सिडाइझ होऊ नये म्हणून थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड. हे बीएस्सीचं टायट्रेशन, पण इथे त्याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहिलं असतं. पावसाळ्यात मिक्स्ड-मेटल काम करणाऱ्यांनी हे करावंच, कळकळीने सांगतोय.

पहिली बॅच, तिला आपण अ म्हणू. बीकरमध्ये क्रोमियमचं सोल्युशन आणि अमोनियमचं मीठ, त्यात मॅंगनीजचं सोल्युशन, मग निकेलचं, हलवत. फिकट जांभळट पावडर लगेच खाली बसते, गाळली, धुतली, वाळवली. एका धातूसाठी जी रीत चालते तीच दोन धातूंना लावलेली, कुणीही लावेल.

टेस्ट बघा आता. आयआरमध्ये मोकळ्या ऑक्झलेटचा 1700 च्या वरचा पट्टा गेला आणि पुलावरच्या ऑक्झलेटचा 1640 च्या आसपासचा आला, म्हणजे जाळी झाली. सीएचएन बरोबर. पण बरोबर म्हणजे काय ते नीट बघायला पाहिजे, कारण शुद्ध मॅंगनीजवाल्यात कार्बन 43.07 टक्के आणि शुद्ध निकेलवाल्यात 42.8 टक्के, हायड्रोजन-नायट्रोजनमध्ये तर फरक नसल्यासारखाच, म्हणजे ही टेस्ट दोघांना ओळखूच शकत नाही! पावडर विरघळवून धातू मोजले तर मॅंगनीज-निकेल अर्धे-अर्धे. एक्सआरडीत कॉपर रेडिएशनने 9.9 अंशाला ठसठशीत पीक, थरांमधलं अंतर 8.95 ॲंगस्ट्रॉम, अगदी पुस्तकी. पण हे अंतर ठरवतो मधला अमोनियम, धातू कुठला आहे ह्याने त्यात नावापुरताच फरक पडतो. खोलीच्या तापमानाला काय-टीचा गुणाकार (चुंबकीय ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान), मॅंगनीजचे 4.375 आणि निकेलचा 1 ह्यांची सरासरी अधिक क्रोमियमचे 1.875, मिळून 4.56, त्याच्या जवळच आला. निकेलचा जी फॅक्टर 2 पेक्षा थोडा जास्त असतो म्हणून किंचित वर, ठीकच आहे.

प्रत्येक टेस्ट "पास" म्हणत होती.

मग कमी तापमानाची मोजमापं. लिक्विड हीलियमचं मॅग्नेटोमीटर आपल्या लॅबमध्ये नसतं, अर्ज करून बाहेर सॅम्पल पाठवायचं, इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम वगैरे विद्यापीठवाल्यांना अशी सोय देतात, नंबर लागेपर्यंत थांबायचं. आमचा डेटा ईमेलने आला, तिने प्लॉट काढला आणि तसाच लॅपटॉप उघडा घेऊन माझ्या टेबलाजवळ आली.

"सर, दोन ट्रान्झिशन आलीत. एक चौदाच्या जवळ, एक सहाच्या."

"अगं, मग तुला काय वाटतं?"

"निकेल आधी ऑर्डर होतं, मग मॅंगनीज. टू-स्टेप ऑर्डरिंग. असं कुणी रिपोर्ट केलेलं मला मिळालं नाही."

तिची उत्सुकता खरी होती आणि विचारही अगदीच टाकाऊ नव्हता. ह्या मालिकेत तापमानाबरोबर विचित्र वागणारी कंपाउंड आहेतच. लोखंड दोन प्लस आणि लोखंड तीन प्लस एकत्र असलेलं टेट्राब्युटिलअमोनियमचं कंपाउंड इंग्लंडच्या पीटर डे यांच्या ग्रुपने अभ्यासलं, ते 45 केल्विनच्या जवळ ऑर्डर होतं आणि 30 च्या आसपास त्याचं मॅग्नेटायझेशन शून्यातून जाऊन चक्क निगेटिव्ह होतं, कारण उलट दिशेच्या दोन उपजाळ्या वेगवेगळ्या वेगाने वाढतात. तिने ते वाचलेलं होतं. त्यामुळे आपल्याही सॅम्पलमध्ये काहीतरी नवीन चाललंय असं वाटणं साहजिक.

पण तिच्या प्लॉटवरचे दोन आकडे बघा. 14 आणि 6. शुद्ध निकेलवाल्याचा आणि शुद्ध मॅंगनीजवाल्याचा, जसेच्या तसे. दोन्ही धातू एकाच जाळीत शेजारी-शेजारी असते तर निकेलच्या शेजारच्या क्रोमियमला दुसऱ्या बाजूने मॅंगनीजही धरून असता, प्रत्येक क्रोमियमला तीन शेजारी असतात, आणि 14 ला निकेल-क्रोमियम ऑर्डर होताना ते शेजारच्या मॅंगनीजला ओढल्याशिवाय राहिले नसते. निकेलचा आकडा मॅंगनीजमुळे जरासुद्धा खाली आला नाही ह्याचा सरळ अर्थ असा की निकेलवाल्या थराला मॅंगनीज माहीतच नाही. पावडरमध्ये दोन वेगळी कंपाउंड होती.

मी हे तिला तोंडी पटवत बसलो नाही. तिच्याकडे शुद्ध मॅंगनीजवालं आणि शुद्ध निकेलवालं दोन्ही होतं, दोन्ही सारख्या मोलमध्ये घेऊन खलात घोटायला सांगितलं, आणि तेच सॅम्पल म्हणून अ च्या शेजारी मोजायला पाठवलं. खलातल्या मिश्रणाचे वक्र आणि अ चे वक्र एकावर एक ठेवले तर बहुतेक भाग जुळला. आयआर तेच, सीएचएन तेच, काय-टी तेच. सॅच्युरेशनसुद्धा (मोठ्या फील्डमधलं जास्तीत जास्त मॅग्नेटायझेशन) तेच असणार, मॅंगनीजवालं 8 बोर मॅग्नेटॉन, निकेलवालं 5, सरासरी 6.5, आणि खरं मिक्स्ड कंपाउंड असतं तरी 6.5 च! ह्या सगळ्या टेस्ट सरासरी मोजतात, आणि सरासरीला थर एक आहे की दोन ह्याच्याशी देणंघेणं नाही. माझ्या मते असं खलात घोटलेलं मिश्रण कंट्रोल म्हणून नसेल तर "मिक्स्ड-मेटल लेयर" हा दावा करूच नये, आणि रेफ्रींनीही तो मागावा.

अजून एक पुरावा एक्सआरडीत लपलेला होता. 9.9 चं पीक थरांच्या अंतराचं, ते निरुपयोगी. पण 110 चं पीक (110 हा कोन नाही, क्रिस्टलमधल्या प्रतलाचा क्रमांक) जाळीच्या आतल्या अंतराचं. मॅंगनीजवाल्यात जाळीचा ए (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याची बाजू) साधारण 9.41 ॲंगस्ट्रॉम, म्हणजे 110 येतं 18.8 अंशाला, आणि निकेलचा आयन लहान, त्रिज्या 0.69 विरुद्ध मॅंगनीजची 0.83, म्हणून त्याची जाळी आखडते आणि पीक वरच्या कोनाला सरकतं. घाईच्या स्कॅनमध्ये तिथे एक रुंद ढेप दिसत होती, हळू स्कॅन केला तर खांदा सुटा झाला. खरं मिक्स्ड असतं तर मधल्या जागी एकच पीक हवं होतं. त्यामुळे मशीन मोकळं असेल तेव्हा 17 ते 21 अंश हा तुकडा तरी सावकाश घ्याच.

मग असं का झालं? जाळी पाण्यात सेकंदात खाली बसते आणि एकदा बसली की पुन्हा विरघळून सुधारायला मागत नाही. मॅंगनीज आधी पडला, त्याने क्रोमियम घेतलं आणि थर होऊन तळाला गेला, निकेलला उरलेलं मिळालं. इथपर्यंत सोपं. म्हणून ब बॅचमध्ये तिने दोन्ही धातू आधीच एकत्र केले, त्यात अमोनियमचं मीठ, आणि वरून क्रोमियमचं सोल्युशन थेंब-थेंब. वाटलं आता जमणार. आलं काय तर दोन टोकं गेली, पण ट्रान्झिशन इतकं पसरट की कुठे सुरू आणि कुठे संपतं ते बोट ठेवून सांगता येईना.

ह्यामागचा माझा विचार असा. बीकरमध्ये सुरुवातीला धातू भरपूर आणि क्रोमियम थोडं, म्हणजे धातूंमध्ये चढाओढ. मॅंगनीज आपल्याभोवतीचं पाणी सेकंदाला कोटीच्या घरात वेळा बदलतो, निकेल तीसेक हजार वेळा, म्हणजे वेगात मॅंगनीज शेकडो पटीने पुढे. उलट ऑक्झलेटला घट्ट धरण्यात निकेल पुढे, अर्विंग-विल्यम्सचा क्रम (दोन प्लसचे धातू लिगँड किती घट्ट धरतात त्याचा) तेच सांगतो. कोण जिंकतो ते घाई आणि पकड ह्यांच्या हिशोबावर ठरतं, पण कुणीही जिंकला तरी पहिल्या थेंबाचे थर एका प्रमाणाचे आणि शेवटच्या थेंबाचे दुसऱ्या, कारण जो आधी जास्त खर्च झाला तो शेवटी कमी उरतो. सरासरी अर्धी-अर्धी, पण प्रत्येक कणाचं क्युरी तापमान वेगळं, म्हणून पसरट. मधे-मधे थोडं गाळून सुरुवातीच्या आणि शेवटच्या पावडरमधले धातू वेगवेगळे मोजले तर हे थेट दिसतं, आणि तिने तेही केलं, प्रमाण सरकलेलं होतंच.

क बॅचमध्ये फक्त क्रम उलटा केला. क्रोमियम आणि अमोनियम बीकरमध्ये, क्रोमियम गरजेपेक्षा जास्त, आणि एकत्र केलेल्या दोन धातूंचं पातळ सोल्युशन ब्युरेटमधून अगदी सावकाश, जोरात ढवळत. आता चढाओढीला वावच नाही, थेंब पडला की त्यातल्या दोन्ही धातूंना पुरून उरेल इतकं क्रोमियम आजूबाजूला आहे, सगळंच्या सगळं खाली बसतं, आणि प्रत्येक थेंबाचं प्रमाण ब्युरेटमध्ये होतं तेच. रसायनं तीच, बीकर तोच, बदललं फक्त कोण कोणात पडतं ते.

मोजमापाच्या वेळी दोन गोष्टींवर आम्ही अडून बसलो. एक म्हणजे फील्ड कमी ठेवा, शंभर ओर्स्टेड किंवा त्याहून कमी, कारण 5000 ला मोजलं की ट्रान्झिशनच्या कडा गोल होतात आणि दोन ट्रान्झिशनसुद्धा एकासारखी दिसू शकतात. दुसरं, पावडर कॅप्सूलमध्ये दाबून बसवायची, सैल राहिली तर कण फील्डमध्ये स्वतःच फिरतात आणि वक्र बिघडतो. अर्जाच्या फॉर्मवर हे लिहून द्यायचं, समोरचा ऑपरेटर चांगला असला तरी आपल्या सॅम्पलची गरज त्याला आपणच सांगायची असते.

क चा डेटा आला तो दहा-अकराच्या पट्ट्यात एकच उतार घेऊन, डेरिव्हेटिव्ह काढलं तर एकच दरी. 14 ला काही नाही, 6 ला काही नाही. हळू स्कॅनमध्ये 110 चं पीकही एकच, दोन टोकांच्या मधे. शुद्ध कंपाउंडपेक्षा उतार थोडा रुंद आहे आणि तो तसा असणारच, विखुरलेल्या जाळीत कुठे तीन शेजारी निकेल, कुठे तीन मॅंगनीज, नशिबाने जे पडेल ते. तिने प्लॉटवर 10.8 ची उभी तुटक रेघ मारून आणली होती, माझ्या सांगण्याशिवाय.

टू-स्टेप ऑर्डरिंगचं काय, हे तिने पुन्हा विचारलं आणि बरोबर विचारलं. अशी गोष्ट अशक्य नाही, पण ती सिद्ध करायची तर दोन्ही आकडे शुद्ध टोकांपेक्षा वेगळे हवेत, खलातल्या मिश्रणापेक्षा वेगळे हवेत, आणि 110 एकच हवं. अ मध्ये ह्यातलं एकही नव्हतं. थीसिसमध्ये अ, ब, क तिन्ही बॅच आणि खलातलं मिश्रण, चारही वक्र एकाच चित्रात टाकायला मी सांगितलंय, अ वगळून फक्त क दाखवणं मला पटत नाही, कारण पुढच्या विद्यार्थ्याला खरा उपयोग त्या चार वक्रांच्या तुलनेचा आहे.

सध्या ती क च्याच रीतीने अजून दोन प्रमाणं करतेय. निकेल पाव आणि मॅंगनीज पाऊण असेल तर वर्गांच्या हिशोबाने 8.7 केल्विन, निकेल पाऊण असेल तर 12.5. क्युरी तापमानाची साधी सरासरी घेतली असती तर 8 आणि 12 आले असते, फरक अर्ध्या केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ट्रान्झिशनच्या रुंदीतच हरवू शकतो, म्हणून ह्या वेळी साध्या मॅग्नेटायझेशनबरोबर एसी ससेप्टिबिलिटीही (मागे-पुढे बदलत्या बारीक फील्डमधलं मोजमाप) मागितली आहे आणि पाव केल्विनच्या पायऱ्या. दोन्ही पावडर वाळून डेसिकेटरमध्ये आहेत, अर्ज गेलाय, तारीख यायचीय.